आमच्या डेस्कटॉपची सेवानिवृत्ती

आमच्या घरात सकाळी सर्वांत आधी कोण उठतं यावरून आईबाबांचा वाद असायचा, पण सर्वांत कष्टाने कोण उठतं याबद्दल एकमत होतं. डेस्कटॉप. बटण दाबलं की तो आधी घसा खाकरायचा, मग त्याच्या पोटातला पंखा घरघरायला लागायचा, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही, आणि आपण आशा सोडून खुर्चीतून उठू लागलो की पडद्यावर उजेड यायचा. तेवढ्यात आईचा चहा होऊन जायचा, बाबांची दाढी होऊन जायची आणि बाहेरच्या रस्त्यावरून फर्स्ट शिफ्टला निघालेल्या सायकलींच्या घंट्या वाजून विरून जायच्या. मरोदा सेक्टरमधलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबांचा तख्तपोस, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खिडकीत कूलर, आणि कूलरच्या अगदी तोंडासमोर तो डेस्कटॉप. भिलाईच्या उन्हाळ्यात त्या जागेला घरात फार मान होता. आम्ही माणसं घामाने निथळत बाजूला बसायचो आणि गार वाऱ्याचा पहिला झोत संगणकाला लागायचा. पाहुणे आले की त्यांना हे विचित्र वाटायचं. बाबा शांतपणे सांगायचे, "तो तापला का बंद पडते. तुमी तापले तं पानी देऊ."

बाबा प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. बंद पडलेलं यंत्र पाहिलं की काही लोकांना वाईट वाटतं, काहींना राग येतो; बाबांना आनंद व्हायचा. मी आठवीत असताना नेहरू नगरच्या एका दुकानातून सुटे भाग आणून त्यांनी आणि मी मिळून तो डेस्कटॉप जोडला होता. माझ्या वर्गातल्या इतर मुलींच्या घरी संगणक अभ्यासासाठी आला होता, आमच्याकडे तो सरळसरळ गाड्यांच्या शर्यती खेळण्यासाठी आला. बाबांना त्यात काही गैर वाटलं नाही. पुढे दर वर्षी त्याचं काहीतरी बदललं जायचं: कधी मेमरी, कधी ग्राफिक्स कार्ड, कधी पॉवर सप्लाय. प्लांटमध्ये मोठं यंत्र बंद ठेवून त्याची पुरती दुरुस्ती करतात, तिला कॅपिटल रिपेअर म्हणतात. बाबा घरीही तोच शब्द वापरायचे. सुटीच्या दिवशी जमिनीवर जुने पेपर पसरले जायचे, डेस्कटॉपची एक बाजू उघडली जायची, स्क्रू आईच्या आमटीच्या वाटीत जमा व्हायचे, आणि मी टॉर्च धरून बसायची. स्वयंपाकघरातून आई विचारायची, "माही वाटी कुठी गेली?" आम्ही दोघं एकदम गप्प व्हायचो.

आई मूळची भंडाऱ्याकडची. तिच्या हाताची पाटवडी, गोळाकढी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि त्यावर कांद्याची पात, हे सगळं आज मी करून पाहते आणि दर वेळी काहीतरी कमी पडतं. गंमत म्हणजे ज्या माणसासाठी ती हे सगळं करायची, तो माणूस जेवताना शब्द काढत नसे. बाबा ताटावर बसले की मान खाली, हात चालू. आई मुद्दाम विचारायची, "कसं झालं?" बाबा म्हणायचे, "अं." चांगलं झालं तरी अं, मीठ विसरलं तरी अं. एकदा आईने रागाने लागोपाठ रोज वरण-भातच केला, तेव्हाही अं. मी हसायची, पण आईला ते लागायचं. ती मला म्हणायची, "अवं, कुत्र्याले टाकलं तं थेही शेपटी हालवते." बाबांना हे ऐकू जायचं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मी कॉलेजात गेले तोवर आमचा डेस्कटॉप म्हातारा झाला होता. मी आणि माझ्या तीन मैत्रिणी आपापल्या घरून एकत्र खेळायचो, कानाला हेडफोन लावून. ऐन वळणावर माझी गाडी थबकायची, पडदा गोठायचा, आणि मग एकदम जाग आल्यासारखी गाडी दरीत पडलेली दिसायची. हेडफोनमधून ओरड व्हायची, "मित्रा, तू फिर पुतला बन गई क्या?" माझं नाव संघमित्रा, पण त्या वर्षी सगळ्याजणी मला पुतलाच म्हणत. आई माझ्या मागे तख्तपोसावर भाजी निवडत बसलेली असायची आणि तिला खेळातलं काही कळत नसूनही गाडी दरीत गेली की तिच्या तोंडून "अरे बापा" निघायचं. बाबा ड्यूटीवरून आले की टिफिन ठेवायच्या आधी डेस्कटॉपवर तळहात ठेवून बघायचे, ताप आहे का म्हणून.

त्याच वर्षी दिवाळीआधी रायपूरला कॉलेजांची स्पर्धा झाली. अट अशी होती की प्रत्येकाने आपलं यंत्र आपण आणायचं. बाकीच्या तिघी लॅपटॉप पाठीला लावून आल्या. आम्ही पॅसेंजर गाडीने निघालो: मी मांडीवर कीबोर्ड घेऊन, बाबा मांडीवर सीपीयूचा डबा घेऊन आणि आई गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर कडेवर घेऊन. समोरच्या बाकावरच्या एका बाईने आईला मायेने विचारलं, "कितने महीने का है?" आईने शांतपणे गोधडीचं टोक उघडून दाखवलं. ती बाई रायपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. स्पर्धेच्या जागी डबा जोडला तर तो सुरूच होईना. गाडीच्या धक्क्यांनी आतली मेमरीची पट्टी ढिली झाली होती. बाबांनी तिथल्या तिथे कुणाकडून तरी खोडरबर मागून घेतलं, पट्टीची पितळी टोकं घासली, फुंकर मारून परत बसवली, आणि डेस्कटॉप खाकरत उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र पहिल्याच फेरीत दरीत गेले. परतीच्या गाडीत आईने शेंगदाण्याची चिक्की वाटली आणि म्हणाली, "यापुढी मी कोणालेच कडेवर घेऊन रायपूरले येनार नाही. पोट्टीले लॅपटॉप घ्या."

बाबांचा नकार पैशासाठी नव्हता. दसऱ्याचा बोनस नुकताच हातात आला होता. त्यांचा नकार तत्त्वाचा होता. "चालू मशीन काढत नसतेत," ते म्हणाले.

"चालून कुठी राहिला तो? रेटून राहिला," आई म्हणाली.

"रेटून राहिला म्हंजे चालूनच राहिला न."

हे ते डेस्कटॉपबद्दल बोलत होते असं मला तेव्हा वाटलं. पण त्या हिवाळ्याच्या अखेरीला बाबांची स्वतःची नोकरी संपत होती, आणि घरात त्या विषयाला हात लावायची सोय नव्हती. भिलाईत जो वाढला नाही त्याला हे सांगावं लागेल की प्लांटमधला माणूस रिटायर होतो तो नेहमी महिन्याच्या शेवटच्या तारखेला, आणि तो एकटा घरी येत नाही. त्याचं सगळं सेक्शन त्याला हार घालून, गुलाल लावून, पुढे ढोल-ताशांचा धुमाल वाजवत घरापर्यंत पोचवतं. फाटकावर बॅनर असतो. अंगणात खुर्च्या असतात. शाल देतात, भाषणं होतात, ज्याने आयुष्यभर त्या माणसाशी भांडण केलं तोच सर्वांत जास्त रडतो, आणि मग सगळी गल्ली पुरी आणि आलूची भाजी खाते. आमच्या आईने अशा किती जणांच्या घरी पुऱ्या लाटल्या त्याचा हिशोब नव्हता. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना वाजतगाजत येताना तिने फाटकाशी उभं राहून पाहिलं होतं आणि मनाशी धरलं होतं की एक दिवस आपल्याही दारात हे होईल. तिने त्या दिवसासाठी मोरपंखी साडी घेऊन ठेवली होती. आणि बाबांनी त्या वर्षी सरळ सांगून टाकलं, "माह्यासाठी काही तमाशा करू नका. सायकल घीन अन् निंगून येईन."

"कावून पन?" आईने विचारलं.

"मेल्यावर अन् रिटायर झाल्यावर मानूस एकदम लय चांगला होते. मले थे खोटं आयकाचं नाही."

त्यांनी सेक्शनमध्येही हेच सांगितलं. त्यांचे जोडीदार साहू काका, जे आमच्याकडे येऊन बाबांपेक्षा जास्त हक्काने चहा मागायचे, त्यांनी खूप समजावलं. बाबा ऐकेनात. आईने वाद घातला नाही. साडी पेटीच्या तळाशी गेली, आणि त्यानंतर शेजारी कुठे धुमाल वाजला की आई खिडकी लावून घ्यायची. मला आईचं फार वाईट वाटायचं आणि बाबांचा मनापासून राग यायचा. दोन्ही गोष्टी मी मोठ्याने बोलून दाखवल्या होत्या. बाबा म्हणाले होते, "अं."

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आईने हार मानली नाही. एका संध्याकाळी ती बाबांना स्कूटरवर मागे बसून नेहरू नगरला घेऊन गेली आणि दोघं एक मोठा चपटा खोका घेऊन परतली. मी उड्याच मारल्या. कात्री घेऊन धावले तर बाबांनी खोक्यावर हात ठेवला.

"थांब. आधी त्याले रिलीव्ह करू. मंग याले चार्ज देऊ. रिलीव्हर आला म्हून जुन्याले तसंच ढकलून देत असतेत का?"

मी वैतागून म्हणाले, "मंग त्याचाही सत्कार करा न बाबा! शाल, हार, भाषन, सगळं!"

मी चिडवत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "करू." आमच्या घरी यंत्रांची पूजा होत नाही. विश्वकर्मा पूजेला बाबा सेक्शनमध्ये सर्वांबरोबर बुंदी खायचे, पण घरी नारळ-अगरबत्ती काही नाही. सत्काराला मात्र हरकत नव्हती. आणि बाबांना तारीख ठरवायला एक क्षणही लागला नाही, कारण रिटायरमेंट म्हटली की त्यांच्या डोक्यात एकच तारीख होती. महिन्याची शेवटची. त्या दिवशी त्यांनी चक्क रजा टाकली. आई कणीक मळता मळता पुटपुटत होती, "सोताच्या वेळी नाही, अन् डब्ब्याचा सत्कार करून राहिले." पण पुऱ्या करायचं तिनेच ठरवलं होतं. शेजारच्या पिल्लई आंटीकडे तिने खुर्च्या मागितल्या, आंटीने विचारलं काय आहे, आईने घाईत सांगितलं, "सत्कार है, शाम को आना." मी मोठ्या कागदावर रंगांनी बॅनर लिहिला. गल्लीत जसे बॅनर पाहिले होते तसाच्या तसा: सेवानिवृत्ति पर भावभीनी विदाई. खाली, मेश्राम परिवार. फाटकाला झेंडूची माळ लावली, बॅनर बांधला आणि मी आत जाऊन डेस्कटॉपला पुसायला बसले.

एवढं झाल्यावर काय होणार होतं हे भिलाईतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्हा तिघांना कळलं नाही.

फर्स्ट शिफ्ट दुपारी सुटली. मरोद्याच्या रस्त्यावरून सायकली आणि स्कूटर परतू लागल्या. मी खिडकीतून पाहिलं तर आमच्या फाटकाशी एक सायकल थांबली, मग दुसरी, मग चार-पाच जण मान वर करून बॅनर वाचत उभे. मला वाटलं, माझं अक्षर आवडलं असेल. ते कुजबुजले आणि घाईघाईने निघून गेले. बाबा आत तख्तपोसावर डेस्कटॉपशेजारी बसून भाषणाचे मुद्दे मनात जुळवत होते. त्यांनी डेस्कटॉपला पांढरी शाल पांघरली होती आणि मॉनिटरला हार घातला होता. तासाभराने बाहेर गलका ऐकू आला. बाबा उठून दारात गेले आणि तिथेच थिजले.

अंगण भरलं होतं. सेक्शनची निम्मी माणसं ड्यूटीच्याच कपड्यांत, हातांत बाजारातून धावत आणलेले हार, मिठाईचे डबे. पिल्लई आंटी गल्लीतल्या बायकांना घेऊन पायसमचं पातेलं सांभाळत उभी. आणि सर्वांच्या पुढे साहू काका, लाल डोळ्यांनी.

"वीआरएस ले लिया तूने? और मेरे को बताया तक नहीं!" साहू काका कडाडले. "आज ड्यूटी नहीं आया, तभी मेरा माथा ठनका था. इतने साल साथ काम किया रे, चुपचाप निकल जाएगा?"

बाबा म्हणाले, "अरे साहू, सुन तो..."

"कुछ नहीं सुनना!" काकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मग दुसऱ्याने घातला. मग तिसऱ्याने. बाबांचं तोंड हारांत बुडालं, त्यातून "अरे", "वैसा नहीं है", "मैं नहीं" असे तुकडे येत होते आणि प्रत्येक तुकड्याला लोक नम्रता समजत होते. ज्या माणसाने साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं की मी गुपचूप निघून जाईन, तो खरोखरच मुदतीआधी गुपचूप निघून गेला यावर कुणाला शंका का यावी? त्यांना खुर्चीत बसवलं गेलं. आई स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊन धावत आली, दृश्य पाहिलं, आणि दाराच्या चौकटीशी तशीच उभी राहिली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. आईने झाऱ्यानेच मला गप्प राहायची खूण केली.

साहू काका बोलायला उभे राहिले. ते काही भाषण करणारे नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"मैं जब नया-नया आया," ते म्हणाले, "तब मेरे को ऊँचाई से डर लगता था. बहुत डर. क्रेन की सीढ़ी देख के पाँव काँपते थे. किसी को बोल नहीं सकता था, नौकरी का सवाल था. ये मेश्राम समझ गया. बोला कुछ नहीं. बस, रोज मेरे से एक डंडा आगे चढ़ता था और चढ़ते-चढ़ते बताता था कि आज डिब्बे में क्या है. आज घरवाली ने गोलाकढ़ी बनाई है. गोले ऐसे नरम, मुँह में रखो तो पता नहीं चलता. आज भर्ता है, उसके ऊपर हरी प्याज डालती है, तू देखना. आज पाटवड़ी है, ऐसी पाटवड़ी पूरे भंडारा जिले में कोई नहीं बनाता. मैं सुनते-सुनते ऊपर पहुँच जाता था. नीचे देखने का टाइम ही नहीं मिला." लोक हसले. काका हसले नाहीत. "डर तो मेरा कब का चला गया. पर ये आज तक वैसेच बताता है, रोज. भाभी, मेरे को आपके हाथ का पूरा महीना जबानी याद है."

अंगणात हशा झाला, टाळ्या झाल्या. मी आईकडे पाहिलं. आई हसत नव्हती. तिच्या हातातला झारा खाली आला होता आणि त्यातून तेलाचे थेंब नव्या पायपुसण्यावर पडत होते, पण ते तिच्या लक्षातच आलं नाही. ती बाबांकडे बघत होती. बाबा हारांतून जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं आमच्या घरात जो माणूस अं म्हणत जेवला, तो रोज उंच शिडीवर चढून आईच्या स्वयंपाकाचं कौतुक करत होता, आणि ते आम्हां दोघींना सोडून साऱ्या सेक्शनला माहीत होतं. त्या क्षणी माझा बाबांवरचा सगळा राग गेला. खरं सांगायचं तर थोडा नव्याने आलाही: घरी एकदा बोलले असते तर काय बिघडलं असतं?

आणखी दोघं बोलले. पिल्लई आंटीनेही दोन वाक्यं सांगितली, कूलर दुरुस्त करून दिल्याची. शेवटी सगळे म्हणाले, आता मेश्रामजी बोलतील. बाबा उठले. त्यांनी एकेक हार काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"आप लोगों ने बहुत अच्छा बोला," बाबा म्हणाले. "लेकिन मैं रिटायर नहीं हुआ."

साहू काकांनी विचारलं, "तो कौन हुआ?"

बाबा आत गेले आणि शाल पांघरलेला डेस्कटॉप छातीशी धरून बाहेर आले. त्यांनी तो आपल्याच खुर्चीत ठेवला. "ये हुआ," ते म्हणाले.

मग पिल्लई आंटी जी हसली ती पायसमचं पातेलं खाली ठेवून मटकन पायरीवरच बसली. तिच्यापासून हसणं सुरू झालं आणि अंगणभर गेलं. कुणी डेस्कटॉपला हार घातला, कुणी गुलाल लावला, कुणी विचारलं, पेन्शन किती बसली. साहू काकांना मात्र पचायला वेळ लागला. ते म्हणाले, "मेरे आँसू वापस कर." मग स्वतःच खो खो हसत बाबांच्या पाठीत गुद्दा घातला. आईच्या पुऱ्या अर्थातच कमी पडल्या. गल्लीतल्या बायका पदर खोचून आत शिरल्या, कुणी लाटल्या, कुणी तळल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी पुऱ्या लाटणारी आई त्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात नुसती उभी होती आणि तिला कुणी पोळपाटाला हात लावू देत नव्हतं.

लॅपटॉपचा खोका सर्वांसमोर उघडला. कीबोर्डमधले रंगीत दिवे लागले तसे सगळे पुढे वाकले. मी शर्यत सुरू केली. वळण आलं, गाडी वळली, आणि वळून पुढेही गेली. थबकली नाही, गोठली नाही. मी आनंदाने किंचाळले. मग लॅपटॉपचे पंखे जोरात घोंघावायला लागले आणि बाबांनी सवयीने त्यावर तळहात ठेवला. लगेच साहू काकांनी ठेवला. मग सेक्शनमधल्या एकेकाने ठेवला.

"गरम हो रहा है," एकाने निदान केलं.

"लोड पे है, होगा ही," दुसरा म्हणाला.

"पहिल्या दिवशी फुल लोडवर घेऊ नये, पोरी," बाबा म्हणाले. "ट्रायल घे आधी. हळूहळू वाढव." मी गेली कित्येक वर्षं संगणकांच्याच कामात पोट भरते आहे, माझ्याभोवती अशी यंत्रं सतत घोंघावत असतात, आणि आजही नवं यंत्र आलं की मी पहिल्या दिवशी त्याला फुल लोडवर घेत नाही. माझे सहकारी कारण विचारतात. मी सांगत नाही.

डेस्कटॉपचं पुढे काय झालं असं माझी मुलं मला विचारतात. प्लांटमध्ये रिटायर झालेली बरीच माणसं नंतर ठेक्यावर कामाला लागायची, तसं बाबांनी त्यालाही ठेक्यावर लावलं. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेला आणि आईला रेडिओसारखा गाणी ऐकवू लागला. त्या कामाला वेळ लागला तरी कुणाची हरकत नव्हती.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते. सगळे पांगले, खुर्च्या परत गेल्या, अंगणात झेंडूच्या पाकळ्या राहिल्या. बाहेर अजून उजेड होता. आई पायरीवर बसली होती, बाबा लोकांना वळणापर्यंत पोचवून आले होते आणि तिच्याहून एक पायरी खाली बसून बुटांची नाडी सोडत होते. ती नाडी सुटायला त्यांना नेहमीपेक्षा फार जास्त वेळ लागत होता. मी आत लॅपटॉपसमोर होते, पण माझे कान बाहेरच होते.

"हा साहू लय बोलते," बाबा म्हणाले.

"बोलला म्हून समजलं," आई म्हणाली.

मग बाबा म्हणाले, "आता आजच सगळं बोलून झालं त्याइचं. खऱ्या दिवशी बोलतीन काय?"

"हेच बोलतीन," आई म्हणाली. "मले पुन्हा आयकाचं हाय. साडी नेसून, खुर्चीवर बसून आयकाचं हाय."

बाबांनी नाडी सोडून दिली. एक बूट पायात, एक हातात, असे ते आत आले, माझ्यासमोरून फोन उचलला आणि नंबर लावला. "साहू," ते म्हणाले, "तेरे उधर खुर्सीपार में वो धुमाल वाला है न, उसको बोल के रख. हाँ, मेरे लिए. हाँ रे, इस बार मेरे ही लिए."